कप्तानाची फणी

ज्या जनावराच्या अंगावर मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत केसच केस आहेत, त्याला फणी म्हणून लावायची नाही, हे कुठलं शास्त्र? द्वारकाबाईंचा हा सवाल सहा वर्षं जुना होता, आणि त्यांना पटेल असं उत्तर अजून कुणी दिलं नव्हतं.

जनावर म्हणजे कप्तान. काळाभोर, उंच, लांब पायांचा कुत्रा. तोंड अगदी गुळगुळीत, पण मानेपासून मागं सगळं अंग घट्ट कुरळ्या केसांच्या बारीक वेटोळ्यांनी भरलेलं, मधे बोट शिरणार नाही इतकं. इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या गल्लीत तो पहिल्यांदा आला तेव्हा दूधवाल्यानं हंडा खाली ठेवून विचारलं होतं, "बाई, यो कई जनावर है? गाडर है के कुत्तो?" मेंढी म्हटल्याचा राग द्वारकाबाईंना इतका आला की त्यांनी दोन दिवस त्याच्याकडून दूध घेतलं नाही. खरं म्हणजे तोवर त्यांना स्वतःलाही नीटशी खात्री नव्हती.

कुत्रा घरात आणला त्यांच्या यजमानांनी. जयसिंगराव संस्थानच्या शिकारखान्यात जमादार होते. शिकारखान्यावर हुकूम चाले बाबासाहेब सरदारांचा, आणि बाबासाहेबांना बदकांच्या शिकारीचं वेड. महूच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना हे पिल्लू देऊन गेला. विलायतेत ही जात फार जुनी आणि पाण्यातल्या कामाची. शिकाऱ्यानं बार काढला, बदक तळ्यात पडलं, की थंडी असो, चिखल असो, लव्हाळं असो, यानं उडी घ्यायची आणि पक्षी तोंडात धरून मालकाच्या हातात आणून द्यायचा. एका पिसालाही दात लागता कामा नये. जातीचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, जयसिंगराव त्यातला पहिला तुकडा घेत आणि "आमचा कर्ली" म्हणून मोकळे होत.

पिल्लू मोठं होतंय न होतंय तोच संस्थान विलीन झालं. मध्य भारत म्हणून नवं राज्य आलं, त्याची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला, म्हणजे फायलींना फिरतीची नोकरी लागली. शिकारखाना बंद पडला. बाबासाहेब बिऱ्हाड घेऊन मुंबईला गेले आणि जाताना साखळी जयसिंगरावांच्या हातात देऊन म्हणाले, "आम्ही बोलावू तेव्हा पाठवा." बोलावणं आलं नाही. जयसिंगरावांनी मात्र त्या दिवसापासून कुत्रा म्हणजे सरकारी अमानत मानली आणि साहेबानं सांगितलेली निगा तंतोतंत ठेवली.

निगा फार नव्हती, पण उलटी होती. फणी नाही, ब्रश नाही. आठवड्यातून एकदा अंग पुरतं भिजवायचं, ओल्या केसांवर तळहात गोल गोल फिरवायचे आणि सोडून द्यायचं. बाकी तो स्वतः झटकून घेतो. कुठं एखादी बट लांबली तर कात्रीनं टोक उडवायचं. कान मात्र आतून कोरडे करायचे, नाहीतर पाणी राहून चिघळतात. "ही वेटोळी म्हणजे त्याचा रेनकोट आहे," जयसिंगराव समजावत. "पाणी कातडीपर्यंत जाऊ देत नाहीत. फणी घातलीस की वेटोळं मोडलं. मग राहिला नुसता पिंजलेला कापूस."

द्वारकाबाईंना हे ऐकू येई, पटत नसे. त्यांना दोन मुलगे, दोघंही नोकरीपायी बाहेरगावी. मुलगी नाही. घरात कुणाची वेणी घालायला मिळाली नाही याची हळहळ त्यांनी कधी लपवली नव्हती. माहेरची, हातोदची, शिसवी लाकडाची रुंद दातांची फणी त्यांच्याजवळ होती, आणि पहिल्याच वर्षी जयसिंगराव बाजारात गेलेले पाहून त्यांनी कप्तानाला पुढ्यात बसवलं. जयसिंगराव परतले तेव्हा निम्मा कुत्रा विंचरून झाला होता. डावीकडून कर्ली आणि उजवीकडून फुटलेली उशी. कप्तान बिचारा शांत बसून होता, त्याला वाटत होतं आपलं कौतुक चाललंय. जयसिंगराव त्या दिवशी जे ओरडले ते समोरच्या घरापर्यंत ऐकू गेलं. फणी त्यांनी काढून घेतली आणि लपवली ती लपवलीच. द्वारकाबाईंनी धान्याच्या कोठ्या पाहिल्या, अंथरुणं उलटीपालटी केली, बंबामागं हात घातला. नाही सापडली.

फणीवाचूनही कप्तान त्यांचाच झाला, हे मान्य करायला हवं. दिसायला तो जरा गंभीर गडी. परक्या माणसाकडं पाहून न पाहिल्यासारखं करायचा, चटकन लाडात यायचा नाही. पण घरच्यांची मस्करी करण्यात पटाईत. पाहुणे जेवायला बसले की एकाची चप्पल उचलून दुसऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवी, आणि चपलेला ओरखडा नसे. अंडंसुद्धा तोंडात धरून न फोडता आणी. त्याला एकट्यानं जेवण जात नसे. द्वारकाबाई ताटली घेऊन शेजारी बसल्या तरच तो भाकरीला तोंड लावी. कुणी रागावलं की तो कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसे, आणि त्याची समजूत काढायला जमादार-जमादारीण दोघंही लागत.

एकच आफत होती. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखाली, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांखाली, नदीच्या घाटावर लोक निर्माल्य सोडायला येत, आणि पाण्यात पडलेली वस्तू परत आणून द्यायची हे कप्तानाच्या रक्तातच होतं. माणसानं हात जोडून हार नदीत सोडावा, डोळे उघडावेत, तो समोर काळा कुत्रा निथळत उभा आणि तोच हार त्याच्या तोंडात. काहींना राग येई, काहींना हसू. गणपती विसर्जनाच्या दिवशी त्याला घरात कोंडून ठेवावं लागे, त्याबद्दल मोहल्ल्यात मतभेद नव्हते.

असं सुखानं चाललेलं असताना दसऱ्यानंतर बाबासाहेबांचे जुने कारभारी गजाननराव दारात आले. पाणीही न पिता म्हणाले, "जमादारजी, खबर आहे. धाकटे सरकार रविवारी येतायत. मुंबईला कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन आहे न, त्यांनी तिथं सगळ्यांना सांगून ठेवलंय की अस्सल कर्ली फक्त आमच्याकडं आहे. कप्तानाला घेऊन जातील."

"ठीक आहे," जयसिंगराव म्हणाले.

"कायमचा?" द्वारकाबाईंनी दाराआडून विचारलं.

"आता त्यांचाच तो, वहिनी. परत कशाला पाठवतील?"

गजाननराव गेले. द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, नाही म्हणा ना."

"अमानत आहे, द्वारका. मागितली की द्यायची. नाही कसं म्हणणार?"

त्या संध्याकाळी वरणात मीठ दोनदा पडलं आणि दोघांनीही ते तसंच खाल्लं. जयसिंगराव सरळ माणूस. शिकारखान्यात सगळे बदकं घरी नेत तेव्हाही यांनी कधी एक पीस नेलं नव्हतं. अशा माणसाला लबाडी कर म्हणायची सोय नसते. द्वारकाबाईंना रात्रभर रडू येत राहिलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

शनिवारी त्यांनी कप्तानाला रिठ्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. रविवारी सकाळी देवापुढं दिवा लावायला गेल्या आणि थबकल्या. उदबत्तीच्या घराशेजारी त्यांची फणी होती. तीच, हातोदची, शिसवी, एक दात जरासा आखूड असलेली.

आवराआवरीत निघाली असेल, असं त्यांना वाटलं. विचारायला जयसिंगराव घरात नव्हते. "छत्रीपर्यंत चक्कर मारून येतो," म्हणून भल्या सकाळी गेले होते, आणि कप्तानाला न घेता गेले होते. असं आजवर झालं नव्हतं. पण त्या दिवशी सगळंच आजवर न झाल्यासारखं होतं, म्हणून द्वारकाबाईंनी त्याचा फार विचार केला नाही.

त्यांनी फणी कपाळाला लावली आणि खंडोबाला म्हणाल्या, "देवा, कुत्रा तुझंच जनावर. माझ्याकडं राहू दे. राहिला तर ही फणी नदीत सोडीन, पुन्हा हात लावणार नाही." नवस बोलताना आपल्या आवडीची वस्तूच सोडावी लागते, स्वस्तातला नवस देव ऐकत नाही, हे त्यांना माहीत होतं.

नवस बोलून झाला आणि त्या अंगणात बसल्या. देवानं नाहीच ऐकलं तर? लेकरू घरातून जायचं ते विस्कटलेल्या केसांनी जायचं का? आता कसला नियम आणि कुणासाठी? त्यांनी कप्तानाला गुडघ्यांमधे बसवलं आणि मानेपासून सुरुवात केली. रिठ्यानं केस मोकळे, कोरडे झालेले. फणी सुरकन जात होती. पाठ झाली, पोटाच्या बाजू झाल्या, मांड्या झाल्या, शेपूटसुद्धा झाली. मुंबईत समुद्र आहे म्हणतात, फार आत जाऊ नकोस, असं त्या त्याला सांगत होत्या. कप्तान डोळे मिटून ऐकत होता. शेवटी कपाळाला कुंकवाचं बोट लावून त्यांनी त्याला उभं केलं आणि मागं सरून पाहिलं. कप्तान आता दीडपट झाला होता. चहूकडून फुललेला, मऊ, धुरकट काळा ढीग, त्यातून पुढं एक गुळगुळीत तोंड निघालेलं. द्वारकाबाईंना तो अतिशय देखणा वाटला.

जयसिंगराव परत आले. द्वारकाबाईंनी ओरडा खायची तयारी केली. त्यांनी कप्तानाकडं पाहिलं, खोकले, टोपी खुंटीला लावली आणि ओसरीवर बसले. आज यांच्यात रागवायचंही बळ नाही, असं वाटून द्वारकाबाईंना उलट भरून आलं. त्या आत जाऊन भाकरीची शिदोरी बांधू लागल्या.

धाकटे सरकार, बाबासाहेबांचे चिरंजीव संताजीराव, टांग्यातून उतरले. पांढरी शुभ्र पँट, गळ्यात कॅमेरा, स्वभावानं चांगला मुलगा. लहानपणी शिकारखान्यात जयसिंगरावांच्या खांद्यावर बसून फिरलेला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "कॅप्टन कुठाय?"

जयसिंगरावांनी बोट दाखवलं.

संताजीराव बराच वेळ पाहत राहिले. मग खिशातून कप्तानाचा जुना फोटो काढून त्यात पाहिलं, पुन्हा अंगणात पाहिलं. "जमादारसाहेब, हा तो नाही."

जयसिंगराव जमिनीकडं पाहत होते. "जो आहे तो समोर आहे, सरकार."

"अहो, फोटोत बघा. कसे घट्ट कर्ल्स आहेत. हा काहीतरी वेगळाच दिसतोय. मिक्स." संताजीराव त्यांच्याजवळ बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी रागावणार नाही, बाबासाहेबही रागावणार नाहीत. इतकी वर्षं झाली. तो मेला असेल तर तसं सांगा."

जयसिंगराव 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर संताजीराव उठले असते, चहा घेतला असता, वाईट वाटलं म्हणाले असते आणि टांग्यात बसले असते.

पण "मेला" हा शब्द स्वयंपाकघरात पोचला होता. आत्ता कुंकू लावलेल्या, शिदोरी बांधलेल्या लेकराला कुणीतरी भर सकाळी मेला म्हणत होतं. द्वारकाबाई बाहेर आल्या त्या हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊनच.

"काय बोलता, सरकार! शुभ बोला जरा! मेला कशाला? आणि मिक्स कोण? तुमच्या सगळ्या मुंबईत याच्यासारखा एक असेल तर दाखवा!"

"द्वारका, राहू दे," जयसिंगराव घाईनं उठत म्हणाले. "अगं, बादली खाली ठेव. खाली ठेव म्हणतो न!"

बादली कप्तानावर ओतली गेली. मग दुसरी. द्वारकाबाई पदर खोचून खाली बसल्या आणि सहा वर्षं केलं तसं दोन्ही तळहात गोल गोल फिरवू लागल्या, मानेवर, पाठीवर, मांड्यांवर. फुललेला ढीग बसला. हाताखाली एकेक वेटोळं गोळा होऊन कातडीला चिकटू लागलं, काळं, घट्ट, चकचकीत. ढिगातून कप्तान हळूहळू निघून आला. द्वारकाबाई बाजूला झाल्या तसं त्यानं चार पाय रोवले आणि अंग असं झटकलं की धाकट्या सरकारांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"हाच तो!" संताजीराव टाळी वाजवून ओरडले. "काकू, कमाल केली तुम्ही!"

जयसिंगरावांनी कपाळाला हात लावला आणि परत ओसरीवर बसले.

संताजीरावांनी साखळी घेतली तेव्हा कुठं द्वारकाबाईंना आपण काय केलं ते कळलं. पण त्या मागं सरणाऱ्या नव्हत्या. पाठवायचंच तर नीट पाठवायचं. शिदोरी त्यांच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "थांबा सरकार. सांगते ते लक्षात ठेवा. फणी लावायची नाही, कितीही वाटलं तरी. आणि रोज पोहायला न्या, नाहीतर चिडका होतो."

"समुद्र जवळ आहे, काकू."

"खारं पाणी? मग घरी आणून गोड्या पाण्यानं धुवायला लागेल रोज. आणि कान पुसायला."

"नोकर आहे."

"नोकराच्या हातून नाही करून घेत. घरचं माणूस लागतं. तुम्ही सकाळी घरी असता न?"

"मी महिन्यातले पंधरा दिवस टूरवर असतो."

"असू द्या. मग बाईसाहेब बसतील. जेवताना शेजारी कुणी बसावं लागतं, एकटा जेवत नाही हो तो."

"आई कुत्र्याला घरात येऊ देत नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. गच्चीवर त्याची सोय करणार होतो."

"गच्चीवर." द्वारकाबाई विचारात पडल्या. त्या अगदी मनापासून वाट शोधत होत्या. "बरं, मग असं करा. माझं एक जुनं लुगडं देते, ते त्याच्याखाली घाला. वास असला की झोपेल. आणि रुसला, भिंतीकडं तोंड करून बसला, तर रागावू नका. कानामागं खाजवत बसायचं. एक तास लागतो कधी कधी. तेवढं..." त्या खाली वाकून कप्तानाच्या कानामागं खाजवू लागल्या.

संताजीरावांनी हातातल्या साखळीकडं पाहिलं, ओल्या पँटकडं पाहिलं, आणि कप्तानाकडं पाहिलं. कप्तान द्वारकाबाईंच्या पायावर बूड टेकून बसला होता.

"काकू, मी चार दिवसांच्या प्रदर्शनाचा विचार करून आलो होतो," ते म्हणाले. "त्याच्यानंतरचा केलाच नव्हता. मला हे नाही जमणार. जमेल असं म्हटलं तर खोटं होईल." त्यांनी साखळी काढून जयसिंगरावांच्या शेजारी ठेवली. "बाबासाहेबांना मी सांगतो. कॅप्टन इथंच राहू दे, कायमचा. मला फक्त एक फोटो घेऊ द्या. क्लबात दाखवायला लागेल, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही."

द्वारकाबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि फोटोला उभ्या राहिल्या. शिदोरी धाकट्या सरकारांनीच खाल्ली.

टांगा वळणाआड गेल्यावर द्वारकाबाई ओसरीवर आल्या. डोक्यात एक गोष्ट आता कुठं जागेवर बसत होती. "अहो, फणी देवघरात कुणी ठेवली?"

जयसिंगराव कप्तानाचे कान पुसत होते. "सापडली."

"सहा वर्षांनी? आजच? आणि तुम्ही याला न घेता छत्रीवर गेलात?"

जयसिंगरावांनी फडकं खाली ठेवलं. "तुझ्याकडं पाहवत नव्हतं मला," ते म्हणाले. "सरकारांना नाही म्हणता येत नव्हतं. म्हटलं, हिच्या हातात फणी पडली की बाकी आपोआप होईल, मला खोटं बोलायलाही लागणार नाही. जन्मात एकदा लबाडी करायला गेलो, तर तू बादली घेऊन आलीस!"

द्वारकाबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसू आलं. पन्नाशी उलटलेल्या या माणसानं आपल्यासाठी नियम मोडला, तोही इतक्या वाईट तऱ्हेनं, याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांनी तो बोलूनही दाखवला. जयसिंगराव एकदम कामाला लागले आणि दुसरा कान पुसू लागले.

संध्याकाळी तिघं घाटावर गेली. देवानं शब्द पाळला होता, आता यांची पाळी होती. द्वारकाबाईंनी फणीला हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि ती खान नदीत जेवढी लांब टाकवेल तेवढी लांब टाकली.

डोळे मिटलेले असतानाच धपकन आवाज झाला. "अरे, कप्तान! नाही, नाही, इकडं ये!" जयसिंगराव ओरडत होते. साखळी घरी ओसरीवरच राहिली होती.

द्वारकाबाईंनी डोळे उघडले तेव्हा कप्तान पायरीवर निथळत उभा होता. फणी त्याच्या तोंडात आडवी होती. त्यानं ती हळूच त्यांच्या हातात दिली, शेपटी हलवली आणि शाबासकीची वाट पाहू लागला. फणीचा एकही दात मोडला नव्हता.

"आता हो?" द्वारकाबाई म्हणाल्या. "नवस होता."

जयसिंगरावांनी फणीकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं. "देवाच्या जनावरानं परत दिली, म्हणजे देवाला नको असेल," ते म्हणाले. "ठेव तुझ्याजवळ. पण त्याला लावायची नाही."

"छे, मी कशाला लावते," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि फणी कमरेला खोचून कप्तानाच्या ओल्या पाठीवर हात गोल गोल फिरवू लागल्या.